वाशाचे माप : कोयनेच्या खोऱ्यातील छपरांचा इतिहास

सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या म्हसवडापासून पश्चिमेस सह्याद्रीच्या कण्याला टेकलेल्या कोयनानगरापर्यंत सरळ रेषेत मोजले तर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. परंतु एवढ्याच टापूत घराचा माथा जितकी रूपे पालटतो तितकी तो महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच पालटत असेल. माणदेशात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस पुरा पडेल की नाही याची भ्रांत, म्हणून तेथे लाकडी खणांवर मातीचे सपाट धाबे. कराड-उंब्रजच्या काळ्या रानात बेताच्या उताराची कौले. आणि पाटण मागे टाकून हेळवाकाकडे वळावे, जेथे पावसाचा आकडा पाच हजार मिलिमीटरांच्या घरात जातो, तो छप्पर ताठ उभे राहिलेले आणि वळचण इतकी खाली उतरलेली दिसते की उंच माणसाने मान लववल्यावाचून ओटीवर पाऊल ठेवू नये. आकाशाने जमिनीशी केलेला हा व्यवहार ज्या एका लाकडाच्या लांबीत आणि त्याच्या दोन टोकांच्या कापांत नोंदला गेला आहे, ते लाकूड म्हणजे वासा.

आपल्याकडे जुन्या इमारतींविषयी जे लिहिले गेले त्यात सुरूच्या खांबांचे, केळफुलांच्या नक्षीचे, महिरपींचे आणि देवड्यांचे कौतुक विपुल आढळते, व ते यथायोग्यही आहे. मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा किंवा पुण्यातील विश्रामबागवाडा पाहणाऱ्याची दृष्टी त्या कोरीव कामावर खिळावी यात नवल नाही. पण ज्या सुताराने तो खांब कोरला त्याच्याच जातभाईने वर काळोखात, धुराने काळवंडलेल्या माळ्यावर, शंभर वासे एका पातळीत बसवले होते, आणि घर उभे राहिले ते त्या अदृश्य कामावर. कोयनेच्या खोऱ्यात तर कोरीव कामाला फारसा अवकाशच नव्हता. तेथील सुताराचे सारे पांडित्य छपरातच खर्ची पडले. ते पांडित्य कोणते होते, कशाच्या आधाराने वाढले आणि कोणत्या क्रमाने ओसरले, याची हकिगत सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

या खोऱ्यातील जुन्या घराचा सांगाडा समजून घेतला म्हणजे पुढील विवेचन सुकर होईल. जमिनीत पुरलेले किंवा दगडी उथळ्यांवर उभे केलेले लाकडी खांब, त्या खांबांच्या माथ्यावर कुसू काढून त्यांवर बसवलेल्या तुळया, मधल्या उंच खांबांच्या रांगेवर घराच्या लांबीभर आडवे टाकलेले आढे, आणि त्या आढ्यावरून दोन्ही अंगांना कडेच्या तुळयांवर उतरत गेलेले वासे, एवढा हा मूळ बांधा. दोन उतारांचे ते दुपाखी घर. चारी बाजूंना उतार काढला तर चौपाखी, आणि त्या चौपाखीच्या कोपऱ्यात जो लांब वासा येतो तो कोनवासा. वाशांवर वेळूच्या कांबट्या, कांबट्यांवर गवत किंवा नळीची कौले. भिंती बहुधा कारवीच्या कुडाच्या, शेणमातीने दोन्ही बाजूंनी लिंपलेल्या. या भिंतीने छपराचा भार घेतलेला नसे. तिचे काम वारा, जनावर आणि परक्याची नजर अडवण्याचे. भार सगळा खांबांवर. हे ध्यानी ठेवावयास हवे, कारण पुढे १९६७ साली या एका गोष्टीला प्राणांचे मोल आले.

आता वाशाच्या मापाकडे येऊ. घराची अर्धी रुंदी आणि आढ्याची कडेच्या तुळईपासूनची उंची ही दोन माने ठरली की वाशाची लांबी आपोआप ठरते. समजा, आढ्याखालच्या खांबापासून कडेच्या खांबापर्यंत आडवे अंतर आठ हात आहे आणि आढे त्या तुळईपेक्षा सहा हात उंच आहे, तर वासा नेमका दहा हातांचा होतो, आणि त्यापुढे वळचणीसाठी जे दीड-दोन हात बाहेर काढावयाचे ते निराळे. तीन, चार आणि पाच यांचे हे नाते शुल्बसूत्रकारांना ठाऊक होते. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत भुज, कोटी आणि कर्ण यांच्या प्रकरणात त्याच मापांचे उदाहरण दिले आहे, आणि वाऱ्याने मोडलेल्या बत्तीस हातांच्या वेळूचे जे प्रसिद्ध गणित त्यांनी घातले तेही याच प्रमाणाचे आहे. इतकेच नव्हे तर लाकूड करवतीने चिरण्याच्या हिशेबाला त्या ग्रंथात क्रकचव्यवहार म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे, ही बाब आपल्या गणितेतिहासात जेवढ्या अभिमानाने सांगितली जावी तेवढी सांगितली जात नाही. ग्रंथकार आणि करवत्या यांची दृष्टादृष्ट त्या काळी झाली होती याचा तो पुरावा होय.

कोयनेकाठच्या सुताराने मात्र लीलावती वाचली नव्हती, आणि वर्गमूळ काढण्याचे त्याला प्रयोजनही नव्हते. तो घरापुढचे सारवलेले खळे घेई. त्यावर दोरी ताणून अर्ध्या रुंदीची रेघ ओढी. रेघेच्या एका टोकाला गुण्या लावून आढ्याच्या उंचीची दुसरी रेघ उभी करी. आणि त्या दोन टोकांना जोडणारी तिसरी रेघ मारली की वासा खऱ्या आकारात जमिनीवर प्रकट होई. लाकूड त्या रेघेवर आडवे ठेवावे, आढ्यापाशी कोणता तिरपा काप यावयाचा आणि तुळईवर बसणारी खाच नेमकी कोठे यावयाची हे गेरूने आखून घ्यावे, आणि वाकसाने व करवतीने तो पहिला वासा सिद्ध करावा. हा पहिला वासा म्हणजे त्या घराचे प्रमाण. त्यानंतरचे सगळे वासे त्याच्याच अंगाला अंग लावून आखावयाचे. दुसऱ्यावरून तिसरा आणि तिसऱ्यावरून चौथा आखावयाचा नाही, कारण प्रत्येक आखणीत गेरूच्या रेघेच्या जाडीइतकी चूक वाढत जाते आणि विसाव्या वाशापर्यंत ती बोटभर होऊन आढ्याशी तोंड वासून उभी राहते. ज्याने कधी छप्पर उभारले त्याला हा नियम सांगावा लागत नाही, आणि ज्याने उभारले नाही त्याला तो क्षुल्लक वाटतो. पण सर्व मापनशास्त्राचा गाभा त्यात आहे.

याहून कठीण प्रश्न पुढेच होता. जंगलातून आलेले वासे म्हणजे वखारीतून चिरून आलेले चौकोनी लाकूड नव्हे. एक बुंध्याशी मुठीएवढा तर दुसरा मनगटाएवढा. एक सरळ तर दुसऱ्याला मध्येच पाठ आलेली. अशा वाशांना सारख्याच खोलीची खाच घेतली तर जाड वासा उंच राहील, बारीक वासा खाली दबेल, आणि त्यांवरच्या कांबट्या लाटांसारख्या वरखाली होऊन खोलगट जागी पाणी मुरेल. म्हणून सुतार खाचेची खोली वाशाच्या खालच्या अंगाने मोजीत नसे, तर वरच्या पाठीपासून मोजी. तुळईवर खाचेनंतर उरणारी जाडी सर्व वाशांत एकच राहिली की सगळ्यांच्या पाठी एका पातळीत येत, मग पोटाकडे काय उरले याची फिकीर नको. वाकडा वासा असेल तर त्याची पाठ नेहमी आकाशाकडे, म्हणजे कौलांच्या वजनाने तो सरळ होण्याकडे झुकेल, अधिक लोंबणार नाही. आणि दोरी ताणून ही पातळी शेवटी डोळ्यांनी पारखावयाची.

चौपाखी घरात कोनवासा आला की खरी परीक्षा होई. वर घेतलेल्याच मापाच्या घरात कोनवाशाला आठ हात एका दिशेने आणि आठ हात दुसऱ्या दिशेने जाऊन सहा हात चढावयाचे असते, म्हणून त्याची लांबी पावणेतेरा हातांहून किंचित अधिक भरते. या कोनवाशाला येऊन भिडणारे आखूड वासे मात्र एका सुंदर नियमाने आखूड होत जातात : कोपऱ्याकडे एकेक हात सरकावे तसा प्रत्येक वासा सव्वा हाताने कमी. हा सव्वा हाताचा उतरता क्रम जमिनीवरच्या आखणीत एकदा सापडला की कोपऱ्यातले सगळे वासे वर न चढता, खालीच, एका बैठकीत कापून ठेवता येतात. उतार बदलला की हा आकडाही बदलतो. गवताच्या छपराला कौलांपेक्षा तीव्र उतार लागतो, जवळजवळ जितकी अर्धी रुंदी तितकीच उंची. तेथे पाच हातांच्या आडव्या अंतराला वासा सात हात आणि वर जेमतेम दोन बोटे एवढा धरावा लागे. उतार याहून मंद ठेवला तर गवत कुजते, आणि कौलांचा उतार फाजील वाढवला तर कौले घसरतात. या दोन भयांच्या मधली जी चिंचोळी वाट तिचे नाव त्या गावची रीत.

मोजण्याच्या साधनाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हाताचे बारा अंगुळांच्या दोन विती असे शास्त्रीय मान, गजाचे चोवीस तसू असे बाजारी मान, आणि सरकारी जमीनमोजणीचे मान तिसरेच. सभासदाच्या बखरीप्रमाणे शिवकालीन मोजणीचा हात चौदा तसूंचा होता आणि काठी पाच हात पाच मुठींची, म्हणजे ब्याऐंशी तसूंची. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा. जमिनीवर सारा बसवावयाचा असल्यामुळे तिच्या मापात हुजुराने एकवाक्यता आणली. घराच्या वाशावर सारा नव्हता, म्हणून तेथे सुताराची काठी हीच सनद राहिली. दोन गावांच्या काठ्यांत तसूभर फरक असला तरी कोणाचे काही अडत नसे. अट एवढीच की घर ज्या काठीने सुरू झाले त्याच काठीने पुरे व्हावे. पुढे इंग्रजी अमदानीत फूट आणि इंच आले, इंचाची आठ सुते झाली, आणि १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आल्यानंतरही सुतारांच्या तोंडची ती सुते आजतागायत गेलेली नाहीत.

लांबीवर उताराइतकीच सत्ता जंगलाची होती. या खोऱ्यात ऐन, किंजळ, जांभूळ, नाणा, हिरडा अशी झाडी मुबलक. साग पूर्वेच्या आणि खालच्या अंगाला. खांबाला ऐन किंवा जांभूळ, तुळईला किंजळ वा नाणा, आणि वाशाला सरळ वाढलेला सोट अथवा पोक्त वेळू, अशी साधारण वाटणी असे. वेळू वद्य पक्षात तोडावा असा जुना दंडक आहे. चंद्राचा त्यात हात किती हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तोडलेला वेळू काही आठवडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जी जोडरीत होती तिचा कार्यकारणभाव उघड आहे : वेळूतील पिष्टांश पाण्यात विरघळून जातो आणि भुंग्याला पोसण्यासारखे आत काही राहत नाही. बांधणीस केवणीच्या सालीची दोरी. लोखंडाचा खिळा या छपरात फार उशिरा शिरला.

जंगलावर राजसत्तेची नजर होतीच. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी जी कलमे आली आहेत त्यांत साग-शिसवीसारखी झाडे हुजूरच्या परवान्याने तोडावीत, पण आंबा-फणसांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असा आशय आहे. ज्या राज्यकर्त्यांच्या मनात झाड आणि रयत या दोन गोष्टी एकाच वाक्यात येत होत्या, त्यांच्या शहाणपणाला आजही मुजरा करावासा वाटतो. तथापि सर्व काळ असाच सुखाचा होता असे म्हणणे खरे होणार नाही. वासोटा, जंगली जयगड, भैरवगड असे किल्ले या रानात उभे होते, आणि गडावरील घरांच्या शाकारणीसाठी लाकूडफाटा व गवत पोहोचवण्याची वेठबेगार घेऱ्यातल्या गावांच्याच डोक्यावर असे. १६५६ मध्ये जावळी मोऱ्यांकडून शिवाजी महाराजांकडे आली, पुढे छत्रपती-पेशवे झाले, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. रानातल्या माणसाची कुऱ्हाड या सर्व स्थित्यंतरांत आपल्या गरजेपुरती चालतच राहिली.

ती थांबली जंगल कायद्याने. १८६५ आणि विशेषतः १८७८ च्या कायद्यानंतर राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या, आणि ज्या रानातून आजोबाने घराचे वासे आणले त्याच रानातून नातवाला एक सोट आणावयाचा तर अर्ज, दाखला, परवाना आणि नाक्यावरची तपासणी एवढे सोपस्कार आले. जंगल राखले गेले हे खरे. पुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होऊ शकला तो त्या राखलेल्या रानामुळेच. पण घर बांधण्याची विद्या ज्या रानावर वाढली होती त्या रानाशी तिचा संबंध तुटला, आणि लाकूड ही निवडण्याची वस्तू न राहता मिळेल ती पदरात पाडून घेण्याची वस्तू झाली. विद्येचा ऱ्हास बहुधा असाच होतो.

सुताराचे स्थान गावगाड्यात वरच्या ओळीतले. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती हे त्याचे बलुत्यातले काम. नवे घर मात्र बलुत्याबाहेरचे, त्याला रोख किंवा धान्याची निराळी मजुरी ठरे. आढे चढवण्याच्या दिवशी आढ्याला आंब्याचा टाळा आणि नारळ बांधून सुताराला पागोटे देण्याचा जो प्रघात होता, तो निव्वळ सौजन्याचा म्हणता येणार नाही. आढे चढले म्हणजे वाशांचे माप खरे की खोटे याचा निकाल त्याच दिवशी लागणार, आणि त्यापूर्वी कारागिराचा सन्मान करणे म्हणजे त्याच्या मापावर सगळ्या गावासमक्ष विश्वास दाखवणे होते.

या व्यवस्थेत पहिला मोठा बदल समुद्राच्या वाटेने आला. १८६५ मध्ये बाझल मिशनने मंगळुरास यंत्रावरच्या कौलांचा कारखाना काढला, आणि पुढच्या काही दशकांत ती तांबडी, खाचेची कौले कोकणच्या बंदरांतून चिपळुणास आणि तेथून कुंभार्ली घाटाने वर येऊ लागली. नळीच्या कौलाची प्रकृती सोशीक असते. वासा वाकडा असला तरी कुंभाराची नळी त्याच्याशी जुळवून घेते, फक्त दरसाल पावसाळ्यापूर्वी ती परतावी लागते. मंगळोरी कौलाला ही सवलत मान्य नाही. त्याची एक खाच दुसऱ्याच्या खाचेत बसलीच पाहिजे, म्हणून रिपा एकमेकींपासून बरोबर एका अंतरावर, साधारण एक फूट, आणि एका पातळीत हव्यात. त्यासाठी वासे करवतीने चिरलेले, सरळ, चौकोनी हवेत. आणि असे वासे वखारीतूनच येणार. सुताराचे काम अधिक नेटके झाले, दरवर्षीची शाकारणी टळली, गळती कमी झाली, हे लाभ मोठे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वाकड्या लाकडातून सरळ छप्पर काढण्याची जी बुद्धी, तिची गरज त्या दिवसापासून उतरणीला लागली. त्याच सुमारास ज्यांची ऐपत होती त्यांनी कारवीचा कूड काढून दगडमातीच्या जाड भिंती घातल्या, आणि खांब हळूहळू वगळून वासे थेट त्या भिंतींवर टेकवले. घर भक्कम झाले, असे सर्वांना वाटले. दगड दिसायला भक्कम असतो यात शंका नाही.

१९५४ पासून देशमुखवाडीपाशी कोयनेच्या पात्रात धरणाचे काम सुरू झाले, आणि हेळवाकाच्या परिसरात कामगार, कारकून, अभियंते यांच्या वसाहतीचे कोयनानगर आकाराला आले. १०३ मीटर उंचीचे आणि आठशे मीटरांहून अधिक लांबीचे हे धरण, त्यामागे साठणारे शंभर अब्ज घनफुटांहून अधिक पाणी, आणि सह्याद्रीच्या पोटातून ते पश्चिमेस पोफळीकडे सोडून निर्माण होणारी वीज, यांनी नव्या महाराष्ट्राच्या उद्योगाचा पाया घातला. त्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावे पूर्णतः वा अंशतः गेली, आणि त्यांतील माणसे ठाणे, कुलाबा, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली. ज्या घरांचे वासे पाच हजार मिलिमीटर पावसासाठी कापलेले होते, त्या घरांतली माणसे सोलापुराच्या रखरखीत माळावर गेली. त्यांच्या सुतारांच्या हातात जे उतार होते त्यांचा तेथे उपयोग काय व्हावा? बुडालेल्या घरांची मोजदाद सरकारी दप्तरात नुकसानभरपाईच्या आकड्यांनी झाली. त्या घरांची माणसाच्या हाताने घेतलेली मापे कोणी उतरवून ठेवली नाहीत.

आणि मग ११ डिसेंबर १९६७ चा दिवस उजाडण्यापूर्वीच, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी, कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता साडेसहा रिश्टरच्या आसपास होती. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली आणि हजारो जखमी झाली. दख्खनचा खडक म्हणजे भूकंपाच्या भयापासून मुक्त, अशी तोवरची शास्त्रीय समजूत एका पहाटेत कोसळली, आणि देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा नव्याने काढावा लागला. जलाशयाच्या भाराचा आणि भूकंपाचा संबंध काय, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. आपल्या विषयापुरती बाब निराळी आहे. सर्वाधिक हानी झाली ती मातीत किंवा हलक्या चुन्यात बांधलेल्या अनघड दगडांच्या भिंतींची. माणसे मेली ती भिंतींखाली.

याचे कारण वाशाच्या बुडाशी सापडते. तिरपा ठेवलेला कोणताही वासा वजन केवळ खाली देत नाही, तो आपल्या पायाशी बाहेरही रेटतो. जुन्या सांगाड्यात हा रेटा आडव्या तुळईने धरून ठेवलेला असे : समोरासमोरचे दोन कडेखांब तुळईने बांधलेले, वाशाची खाच त्या बांधणीवर रोवलेली, वर आढ्यापाशी दोन वासे मेखेने जखडलेले. सगळा मिळून एक त्रिकोण होई, आणि त्रिकोण हलला तरी मोडत नाही. कुसू, मेख आणि दोरी यांच्या सांध्यांत थोडी लवचीकता असे. हादरा बसला तर सांधे करकरतील, कूड फुटून शेणमाती गळेल, परंतु छप्पर खांबांवर उभे राहील. वासे मुक्या दगडी भिंतीवर टेकवल्यावर मात्र त्यांचा रेटा भिंतीनेच सोसावयाचा. जमीन हलली की भिंतीच्या दोन अंगांचे दगड परस्परांपासून सुटतात, वासे निसटतात, आणि आढ्याखालची तिकोनी भिंत, जिला कोणीच धरलेले नसते, ती घरात किंवा अंगणात कोसळते. भूकंपरोधक बांधकामाची जी भारतीय संहिता १९६७ मध्ये प्रथम निघाली आणि पुढे सुधारत गेली, तिच्यातील छपरासंबंधीच्या सूचनांचे सार पाहिले तर ते हेच आहे : वासे एकमेकांना बांधा, भिंतीला पट्ट्याने आवळा, तिकोनी भिंत मोकळी सोडू नका, छप्पर हलके ठेवा. कारवीच्या कुडात राहणाऱ्या सुताराने यांतील बहुतेक गोष्टी पूर्वीच केलेल्या होत्या.

ही केवळ स्थानिक प्रेमातून केलेली प्रशंसा नव्हे, याची साक्ष पुढे किल्लारीने दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवच्या सीमेवर जो भूकंप झाला त्यात हजारो माणसे दगडमातीच्या ढिगाऱ्यांखाली गेली. पण पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना असेही आढळले की ज्या घरांत लाकडी खणांचा पुरा सांगाडा होता, त्यांपैकी कित्येकांच्या भिंती ढासळूनही माथा खांबांवर तसाच राहिला होता. मंगळोरी कौलांच्या छपराचे वजन दर चौरस मीटरला कौलांपुरते चाळीस किलोच्या आसपास भरते, दीड फूट मातीच्या धाब्याचे सातशे किलोंच्या घरात जाते. एवढा भार डोक्यावर घेऊनही लाकडी खांब जेथे जेथे जोडून उभे होते तेथे तेथे त्यांनी माणसाला बाहेर पडण्यास अवसर दिला. किल्लारीनंतर कित्येकांनी भयाने हे खणच उपटून विकले आणि त्या जागी सिमेंटच्या पेट्या उभ्या केल्या, हे शोकास्पद आहे. दोष दगडांच्या सैल रचनेचा होता. शिक्षा लाकडाला झाली.

आज कोयनानगरापासून बामणोलीपर्यंतच्या गावांत नव्या घरांवर लोखंडी नळ्यांचे सांगाडे आणि रंगीत पत्रे दिसतात. त्यांत वाईट काही नाही. लाकूड दुर्मीळ झाले, रान राखले पाहिजे, आणि पत्रा हलका आहे. परंतु पाटण, जावळी, आणि सांगलीकडे शिराळ्याच्या वारणाकाठी अजून थोडी जुनी घरे खांबांवर उभी आहेत, आणि त्यांच्या दारी जुन्या लाकडाचे व्यापारी येऊन जात आहेत. खांबाला आणि तुळईला भाव चांगला येतो; वासे जळणाच्या दराने जातात. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत अशी आपली म्हण आहे, पण ज्या घराने तीन-चार पिढ्या पावसापासून आणि एका भूकंपापासून माणसे राखली, त्याचे वासे मोजणे आता कृतज्ञतेचेच काम ठरेल. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून कोयनेच्या संगमाजवळ उभे आहे. तेथील अध्यापकांनी स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना दर उन्हाळ्यात या खोऱ्यात पाठवावे, आणि एकेका घराची अर्धी रुंदी, आढ्याची उंची, वाशाची लांबी, खाचेची खोली, कोनवाशाचा काप, लाकडाची जात आणि सांध्याची रीत कागदावर उतरवून घ्यावी. ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांनी व्यापाऱ्याला होकार देण्यापूर्वी गावातल्या म्हाताऱ्या सुताराला एकदा माळ्यावर चढवावे, खाली वही घेऊन कोणीतरी बसावे, आणि तो जे माप सांगेल ते तो सांगेल त्याच शब्दांत लिहून ठेवावे. हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.